टूलरूमवाल्याने संघटनेचं सभासद व्हावं का?

प्रश्न असा आला आहे: "धुळ्याला अवधान एमआयडीसीत माझं छोटं टूलरूम आहे, म्हणजे साचे बनवायची शेड. एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन), एक स्पार्क मशीन, एक सरफेस ग्राइंडर आणि मोजकी माणसं. प्रेस टूल, म्हणजे पत्रा कापायचे-वाकवायचे साचे करतो, हल्ली इंजेक्शन मोल्ड, म्हणजे प्लास्टिकच्या भागांचे साचेही घेतो. एक ग्राहक म्हणतात की टूलमेकर्सच्या राष्ट्रीय संघटनेचं सभासदत्व घ्या. इकडे एमआयडीसीतली संघटनाही वर्गणी मागते. पैसे भरून नेमकं मिळतं काय? कामं मिळतात का?"

भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बहुतेकांची निराशा तिथूनच सुरू होते. सभासद झालात म्हणून कामं येत नाहीत. डिरेक्टरीत नाव छापून येतं, एखादा चौकशीचा फोन येतो, तुम्ही कोटेशन पाठवता आणि बऱ्याचदा गोष्ट तिथेच थांबते. मोल्डचं काम देणारा माणूस डिरेक्टरी चाळून लाखोंची ऑर्डर देत नाही. त्याने किंवा त्याच्या ओळखीच्या कोणीतरी तुमचा मोल्ड मशीनवर चालताना पाहिलेला असतो. तेव्हा फक्त ऑर्डरसाठी वर्गणी भरणार असाल तर भरू नका, त्या पैशात चांगले कटर घ्या.

तरीही मी जळगावात टूलरूम चालवताना दोन्हीकडचा सभासद आहे आणि राहणार आहे. ठिबकचे भाग, पाइप फिटिंग, चटईच्या कारखान्यांचे सुटे भाग असं आमचं काम. या धंद्यात तुमच्यासमोर जो बसतो तो जवळजवळ नेहमीच तुमच्यापेक्षा मोठा असतो. ग्राहक मोठा, स्टीलवाला मोठा, वीज कंपनी तर फारच मोठी. संघटनेचा खरा उपयोग या मोठ्यांशी बोलताना होतो. तो कसा, ते वसुलीपासून सांगतो, कारण टूलरूम कामाअभावी बंद पडलेली मी कमी पाहिली आहेत, अडकलेल्या पैशामुळे बंद पडलेली जास्त.

२००६ चा एमएसएमई कायदा तुम्ही ऐकून असाल. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यायचे आणि ती मुदत कराराने ठरवली तरी ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. लेखी काही ठरलंच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे तक्रार करता येते आणि निकाल तुमच्या बाजूने लागला तर तो कोर्टात उलटवायला निघालेल्या खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात ४३बी(एच) आलं, म्हणजे मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करून मिळत नाही. कागदावर याहून भक्कम संरक्षण मागता येणार नाही.

आता टूलवाल्याची अडचण बघा. ही मुदत माल स्वीकारल्यापासून मोजतात. बोल्ट विकणाऱ्याने बोल्ट दिले की विषय मिटला. आपण मोल्ड दिला की टी-वन, म्हणजे पहिली ट्रायल, मग फ्लॅश (कडेला सांडलेलं प्लास्टिक) येतो म्हणून टी-टू, मग ग्राहकाच्याच डिझायनरने रिब (आधाराची पट्टी) वाढवली म्हणून टी-थ्री. शेवटचे वीस टक्के 'अप्रूव्हल बाकी आहे' या तीन शब्दांवर लटकतात आणि मोल्ड मात्र तिकडे रोज उत्पादन देत असतो. खानदेशाबाहेरच्या एका कारखान्याने माझे पैसे असेच महिनोन्‌महिने धरून ठेवले होते. कायद्यात याचं उत्तर आहे. माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असं धरलं जातं. हे मला वकिलाने सांगितलं नाही, संघटनेच्या बैठकीत शेजारी बसलेल्या एका जुन्या प्रेस टूलवाल्याने सांगितलं. त्याच बैठकीत कोटेशनच्या मागे छापायच्या अटींचा मसुदा हाती आला: ऑर्डरसोबत किती टक्के, टी-वनचे नमुने दिल्यावर किती, ट्रायल किती आणि कोणाच्या खर्चाने, ड्रॉइंग बदललं तर नवी किंमत, उत्पादन सुरू केलं म्हणजे मंजुरी दिली असं समजायचं. त्या अटी तुम्ही एकट्याने पुढे केल्या तर खरेदी विभागाचा माणूस म्हणतो, "नवीन काय काढलंत हे?" दहा टूलरूमच्या कोटेशनवर त्याच अटी दिसू लागल्या की तो गप्प सही करतो.

आणि कौन्सिलकडे तक्रार करायची वेळ आलीच, तर खरी भीती कायद्याची नसते, ग्राहक तुटण्याची असते. अशा वेळी संघटनेचं लेटरहेड उपयोगी पडतं. सरसकट सगळ्या मोठ्या खरेदीदारांना वर्षातून एकदा आयकरातल्या त्या तरतुदीची आठवण करून देणारं पत्र गेलं, तर त्यात कुणा एका पुरवठादाराचं नाव नसतं आणि निरोप मात्र पोहोचतो. माझ्या बाबतीत सचिवांनी केलेला एक फोन पुरला. प्रत्येक वेळी पुरेल असं नाही. फक्त एक करा, उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगाची सरकारी नोंदणी) माल देण्याच्या आधीची असू द्या. मागाहून केलेल्या नोंदणीवर हक्क सांगायला गेलेल्यांची कोर्टात फजिती झालेली आहे.

कोण पैसे देतो आणि कोण बुडवतो, ही माहितीसुद्धा संघटनेत मिळते. ती बोलून घ्या. व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'अमुक कंपनी फ्रॉड आहे' असं लिहायच्या फंदात पडू नका, बदनामीची नोटीस लिहिणाऱ्याच्या नावाने येते, ग्रुपच्या नाही.

आता संघटना कोणती, हा प्रश्न. नावं सारखी वाटतात म्हणून गोंधळ होतो. आयएमटीएमए ही १९४६ साली स्थापन झालेली संघटना मशीन टूल बनवणाऱ्यांची, म्हणजे लेथ, व्हीएमसी, ग्राइंडर बनवणाऱ्या कंपन्यांची. बंगळुरूचं इमटेक्स प्रदर्शन त्यांचं, आणि ज्या तुमकूर रस्त्यावरच्या प्रदर्शन केंद्रात ते भरतं तेही त्यांनीच उभारलेलं. आपण त्यांचे गिऱ्हाईक. प्रदर्शनाला जरूर जा, त्यांच्या प्रशिक्षण वर्गांना मुलं पाठवा, पण ते घर आपलं नाही. डाय, मोल्ड, जिग-फिक्स्चर, गेज बनवणाऱ्यांची संघटना म्हणजे टॅग्मा, १९९० सालची. मुंबईत भरणारं डाय अँड मोल्ड इंडिया हे प्रदर्शन त्यांचं. तुमचे ग्राहक बहुधा हिच्याबद्दलच बोलत असावेत. कटिंग टूलवाल्यांची आणखी वेगळी आहे, तिचा तुम्हाला संबंध नाही.

एमआयडीसीतली स्थानिक संघटना ही तिसरीच जात. तिथे तुमच्या शेजारी डाळ मिलवाला, पाइपवाला, ऑइल मिलवाला बसलेला असतो. त्याला कोअर-कॅव्हिटी कळत नाही, पण त्याच्याही शेडची वीज तुमच्याच फीडरवरून येते. वायरकटवर, म्हणजे तारेने स्टील कापणाऱ्या मशीनवर, रात्रभराचा जॉब लावलाय आणि पहाटे वीज झटका देऊन गेली, की वायर तुटते, कडेला रेघ उमटते आणि दिवसभर मशीन अडकतं. एकट्याची तक्रार वीज कंपनीच्या रजिस्टरमध्ये पडून राहते. संघटनेचं शिष्टमंडळ फीडरवरच्या ट्रिपिंगचा महिन्याचा तक्ता घेऊन गेलं की अधीक्षक अभियंत्याला उत्तर द्यावं लागतं. वीजदर ठरवताना वीज नियामक आयोग जी जाहीर सुनावणी घेतो, तिथे हरकत कोणीही नोंदवू शकतो, पण आकडेमोड करून पानभर मुद्दे लिहायला वेळ कोणाकडे असतो? ते संघटनाच करू शकते. पाणी, रस्ते, पथदिवे, भूखंडाचं हस्तांतरण, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा उद्योग मित्रची बैठक, सगळं याच खात्यातलं. सवलतींच्या दर्जाचंही तसंच. २०१९ च्या राज्याच्या प्रोत्साहन योजनेत धुळ्याला विदर्भ-मराठवाड्याच्या जोडीने जास्तीचं झुकतं माप मिळालं, आणि जळगावकरांना डी प्लस दर्जासाठी बरीच वर्षं मागणी लावून धरावी लागली. असल्या मागण्या कोणी एक कारखानदार करत नसतो.

म्हणून माझा सल्ला असा की आधी स्थानिक संघटनेत जा. तिची वर्गणी कमी असते आणि त्रास रोजचा आहे. राष्ट्रीय संघटनेचं सभासदत्व इंजेक्शन मोल्डचं काम थोडं स्थिरावल्यावर, साधारण वर्षभराने घ्या.

राष्ट्रीय संघटनेतून मला काय मिळालं? एक ठोस उदाहरण जीएसटीचं. ग्राहकाच्या मालकीचा मोल्ड आपल्या किंवा मोल्डरच्या शेडमध्ये फुकट वापरायला दिलेला असतो. त्याची किंमत वाटून पार्टच्या किमतीत धरायची का, हा वाद जीएसटी आल्यावर सगळीकडे पेटला होता. जून २०१८ च्या एका परिपत्रकाने तो बराचसा मिटवला: मालकी ग्राहकाची आणि करारानुसार मोल्ड त्यानेच द्यायचा असेल तर किंमत धरायची नाही, पण करारात मोल्ड पुरवठादाराने वापरायचा असं असेल आणि प्रत्यक्षात ग्राहकाने दिला, तर वाटून आलेली किंमत पार्टमध्ये धरावी लागते. म्हणजे सगळा खेळ पीओवरच्या, खरेदी ऑर्डरवरच्या, एका ओळीचा. हे परिपत्रक सगळ्यांना खुलं होतं. पण रोज सरकारी संकेतस्थळं चाळणारा टूलमेकर मी अजून पाहिलेला नाही. संघटना ते उघडून, आपल्या भाषेत सोपं करून पाठवते. पुढेही असे विषय येत राहणार आहेत. यंत्रांच्या सुरक्षेबाबत केंद्राने २०२४ मध्ये काढलेला आदेश घ्या. त्याची अंमलबजावणी पुढे ढकलण्यासाठी उद्योग संघटनांनीच पाठपुरावा केला.

चीनच्या मोल्डच्या किमतीबद्दल सगळेच बोलतात. अँटी डम्पिंगची, म्हणजे अशा स्वस्त आयातीवर जादा शुल्काची, मागणी करायची तर अर्ज करणाऱ्यांचा देशातल्या एकूण उत्पादनात किमान २५ टक्के वाटा लागतो. तुम्ही-मी धुळे-जळगावात बसून ती मागणी करू शकत नाही, हे त्या एका आकड्यावरून कळतं. खरं सांगायचं तर मोल्ड हा एकेक वेगळा बनणारा माल, त्यात असली चौकशी उभी करणं संघटनेलाही सोपं नाही. ती आशा धरून सभासद होऊ नका.

खानदेशाच्या दृष्टीने सगळ्यात मोठा फायदा मी मोजमाप, हार्डनिंग (स्टील तापवून कडक करणं) आणि माणसं यांत मानतो, आणि नेमकं याच बाबतीत आपल्याकडे काम कमी झालंय.

मोजमापाचा संदर्भ जगभर २० अंश सेल्सिअस धरतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, शेडमध्ये तर बोलूच नका. स्टील दर मीटरला दर अंशामागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. ब्लॉक आणि मोजायचं साधन दोन्ही स्टीलचे आणि एकाच तापमानाला असतील तर फारसं बिघडत नाही. पण ब्लॉक ग्राइंडरवरून आत्ता उतरलेला आणि मायक्रोमीटर केबिनच्या एसीतून आणलेला असेल, दोघांत २० अंशांचा फरक असेल, तर ३०० मिमी लांबीत जवळपास ७० मायक्रॉनची चूक झालीच. मग पुण्याचा ग्राहक त्याच्या सीएमएमवर, म्हणजे अचूक मोजणीच्या यंत्रावर, मोजतो आणि आपण फोनवर वाद घालत बसतो. एअर कंडिशन्ड खोली आणि सीएमएम एका छोट्या टूलरूमला परवडत नाही. पंचवीस जणांना मिळून परवडतं. केंद्राची क्लस्टर विकास योजना आणि राज्याची तशीच योजना सामायिक सुविधा केंद्रासाठी मोठं अनुदान देते, पण अर्ज उद्योजकांच्या समूहाने स्थापलेल्या कंपनीला करावा लागतो. एकट्या माणसाला दारच नाही. आणि समूह एकत्र यायला आधी एकमेकांची ओळख, थोडा विश्वास लागतो. तो संघटनेच्या खुर्च्यांवर बसूनच तयार होतो, अनुदानाची जाहिरात आली म्हणून आठवड्यात तयार होत नाही.

तोपर्यंत इंडो-जर्मन टूल रूम आहे, संभाजीनगरच्या चिकलठाण्यात. केंद्र सरकारच्या एमएसएमई मंत्रालयाची संस्था, मशीनिंग, हीट ट्रीटमेंट, मोजमाप, प्रशिक्षण सगळं. त्यासाठी कोणत्याही संघटनेचं सभासद असण्याची गरज नाही, सरळ जा. मात्र चार ब्लॉक हार्डनिंगला न्यायचे म्हणून अजिंठा घाट उतरून-चढून गाडी पाठवणं महाग पडतं. आम्ही काही जण मिळून एकच टेम्पो करतो, ज्याचे ब्लॉक तयार असतील त्याचे जातात. हे कोणत्याही ठरावाने सुरू झालं नाही, ओळखीतून झालं. स्टीलचंही तसंच. पी-२० (मोल्डचं स्टील) म्हणून घेतलेला ब्लॉक भलताच निघण्याचा अनुभव टूलवाल्यांना नवा नाही. पूर्ण प्लेट मिळून घेतली, टेस्ट सर्टिफिकेट मागितलं, शंका आली तर स्पेक्ट्रो, म्हणजे धातूतल्या घटकांची तपासणी, करून घेतली, की दुकानदारही नीट वागतो.

माणसांचं दुखणं वेगळं आहे. टूल अँड डाय मेकरचं काम शिकलेली खानदेशातली पोरं कमी नाहीत, पण ती चाकणला आणि वाळूजला आहेत. आयटीआय किंवा टूल रूममधून बाहेर पडलेल्या मुलाला चार छोट्या शेडची नावंसुद्धा माहीत नसतात, मोठ्या कंपनीची बस मात्र कॉलेजच्या दाराशी येते. पाच-सात टूलरूमनी मिळून आयटीआयत एक दिवस लावला, अप्रेंटिस घेतले, कोणाकडे वायरकट शिकायला मिळेल आणि कोणाकडे फिटिंग हे आधी सांगितलं, तर घराजवळ राहू इच्छिणारी मुलं थांबतात. पगार चाकणएवढा देता येत नाही हे खरं, पण खोलीभाडं आणि डब्याचा खर्च वजा करून मुलाच्या बापाला हिशोब दाखवा, तो समजतो.

एका गोष्टीपासून मात्र जपा. कधी ना कधी बैठकीत कोणीतरी म्हणेल, "आपण सगळे मिळून वायरकटचा एकच दर ठरवू, त्याखाली कोणी जायचं नाही." ऐकायला बरं वाटतं, पण स्पर्धा कायदा २००२ नुसार स्पर्धकांनी मिळून दर ठरवणं बेकायदा आहे आणि अशा प्रकरणांत स्पर्धा आयोगाने व्यापारी संघटनांना, त्यांच्या पदाधिकाऱ्यांनाही दंड केलेले आहेत. स्वतःचा मशीन-तासाचा खर्च कसा काढायचा हे शिकवणारा वर्ग घेणं वेगळं आणि दर बांधणं वेगळं. पहिलं जरूर करा. आपल्यातले निम्मे लोक घसारा न धरताच कोटेशन देतात, दर पडतात ते त्यामुळे.

वर्गणी भरण्याआधी संघटना जिवंत आहे का ते पाहा. गेल्या वर्षीची वार्षिक सभा झाली का, हिशेब तपासून सभासदांना दिले का, तेच अध्यक्ष किती वर्षं आहेत, आणि गेल्या सहा महिन्यांत कोणत्या कार्यालयाला कोणतं पत्र गेलं त्याची प्रत मिळते का. प्रत मिळाली नाही तर समजून घ्या. हार-तुरे आणि भरीत पार्टी एवढ्यावरच चालणाऱ्या संघटनाही आहेत. अर्थात पार्टीला नावं ठेवत नाही. थंडीत शेतात भरीत आणि कळण्याची भाकरी खाताना जेवढं खरं बोलणं होतं तेवढं सभागृहात होत नाही, आणि माझ्या कितीतरी कामाच्या ओळखी तिथल्याच आहेत.

सभासद झालात तर पहिल्या वर्षी एकच समिती निवडा. तुमच्यासारख्याने वीज किंवा प्रशिक्षण घ्यावं. सगळ्या बैठकांना जाणं सहा माणसांच्या शेडच्या मालकाला झेपत नाही, आणि एकाही बैठकीला न जाता वर्गणी भरणाऱ्याला परिपत्रकांपलीकडे काही मिळत नाही. प्रदर्शनाला स्टॉल लावायची घाई करू नका. पहिल्यांदा नुसते फिरून या, इतरांचे मोल्ड उघडून बघा, कूलिंगची लाइन कशी नेली ते बघा. स्टॉल लावायचाच झाला तर एमएसएमई मंत्रालयाच्या खरेदी व विपणन साहाय्य योजनेत भाड्याचा काही भाग परत मिळतो, त्याचा अर्ज आधी करावा लागतो, परत आल्यावर नाही. वर्गणीची पावती मालकाच्या नावाने न घेता फर्मच्या नावाने, जीएसटी क्रमांकासह घ्या आणि सीएकडे धंद्याच्या खर्चात लावायला द्या.